कडी, बाहेरून

३ फेब्रुवारी

चि. मधलीस,
अ. उ. आ.

आठ महिने तुला ओळभरही लिहिलं नाही, त्याची आधी माफी मागते. कारणं शोधायला बसले तेव्हा तीन सापडली: कामाचा ढीग, चष्म्याचा बदललेला नंबर आणि वरच्या मजल्यावरची तोडफोड. तिन्ही खरी आहेत आणि तिन्ही निमित्तं आहेत. एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती, आणि ती वगळून हवापाण्याचं लिहिणं मला लबाडीचं वाटत होतं. फोन करता आला असता. पण बाबा गेल्यावर आपणच ठरवलं ना, की फोनवर आपण भांडतो, कागदावर निदान एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देतो.

तर आपल्या शेंडेफळाचं गाणं. तू ते पाहिलं असशीलच, आता कोणी पाहायचं राहिलेलं नाही. गेल्या जूनमध्ये, बाहेर येण्याच्या कितीतरी आधी, ते माझ्या टेबलावर आलं होतं. त्याने कंपनीला सांगितलं होतं की सबटायटल माझ्या बहिणीकडूनच करून घ्या. माझं काम तुला माहीत आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आम्ही शब्दांबरोबर आवाजही लिहितो, चौकटी कंसात. [पाऊल वाजतं.] [दूरवर कुत्रं भुंकतं.] त्याचा एकच नियम आहे आणि तो आमच्या भिंतीवर लावलेला आहे: जे ऐकू येतं ते लिहा, जे माहीत आहे ते लिहू नका.

गाण्यात काय आहे ते तुला सांगायला नको, पण मला क्रमाने लिहिल्याशिवाय राहवत नाही. निळ्या स्वेटरमधली एक बाई एका म्हातारीचे केस विंचरते. म्हातारी हसते. बाई उठते. मग पडदा काळा होतो, आणि त्या काळ्या पडद्यावर दाराचा आवाज येतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक आवाज. पडदा उजळतो तेव्हा बंद दारासमोर जमिनीवर पाण्याचा भरलेला ग्लास असतो. बस, एवढंच. वर त्याचं ते धृपद: 'येते म्हणाली, आली नाही; पाणी होतं, प्यायली नाही.' कोण येते म्हणाली, कोण प्यायली नाही, काही सांगत नाही.

तो दुसरा आवाज मी ऐकताक्षणी ओळखला. तो तुझ्या घरातल्या आईच्या खोलीच्या कडीचा आहे. शेंडेफळाने खास जाऊन तेच दार टेप करून आणलं होतं. मी आधी लिहिलं, [दार बंद होतं]. ते अपुरं वाटलं. मग लिहिलं, [कडी लागते]. मग दोन दिवस विचार करून लिहिलं, [बाहेरून कडी लागते], आणि तेच गेलं.

मधले, आई गेली त्या दिवशी तिच्या खोलीला बाहेरून कडी होती, हे आपल्या तिघांपलीकडे कोणाला माहीत नव्हतं. जगाला आपण सांगितलं की झोपेत गेली. तू कामावर जाताना कडी लावून गेलीस ते तिने रस्त्यावर जाऊ नये म्हणूनच, हे मी आजवर कधी विसरले नाही आणि कोणाला विसरू दिलं नाही. पण आता तो शब्द तिथे आहे. शेंडेफळाने मुलाखतीत सांगितलंय की हे गाणं त्याच्या आईचं आणि तिला सांभाळणाऱ्या बहिणीचं आहे, उरलेलं ज्याचं त्याने ठरवावं. मला वाटतं, लोक ठरवतील.

मी चूक केली का? नियमाच्या हिशेबात केली. खऱ्याखोट्याच्या हिशेबात केली असं मला म्हणता येत नाही. तू काय म्हणतेस ते कळव. तुझा गुडघा कसा आहे?

लोभ असावा म्हणायला तोंड नाही. आहे तो कमी करू नकोस.

तुझी,
ताई

उद्याचं काम: चष्म्याची काडी बसवून घेणे.


११ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. माफी पोचली, पावती घे. पत्राखाली उद्याचं काम लिहायची तुझी खोड अजून गेली नाही हे पाहून बरं वाटलं. काडी बसली का?

माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. इथे वृद्धनिवासात जिने चढायचे प्रसंग कमी, त्यामुळे निभतं. बत्तीस म्हाताऱ्या माणसांत मीच तरुण, या हौसेवर दिवस जातो.

गाण्याचं विचारतेस. अगं, इथे जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही. धुलाईवाली म्हणते, ती म्हातारी मुळात भूत आहे, म्हणून तर पाणी प्यायली नाही. स्वयंपाकीणबाई म्हणतात, दोघी एकच आहेत, तरुणपण आणि म्हातारपण, आणि हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. रखवालदाराचं म्हणणं, ग्लास मांजरासाठी ठेवलाय आणि तुम्ही शिकलेल्या बायका उगाच डोकं फोडता. आमच्या हिशेबनिसाने तर सांगून टाकलं की ही पाणी गाळायच्या यंत्राची जाहिरात आहे, पुढच्या भागात यंत्र येईल. मी सगळ्यांना हो म्हणायचे. गंमत वाटायची. आपल्या घरातला ग्लास, आणि त्याचे एवढे अर्थ.

गंमत गेल्या आठवड्यात संपली. इथल्या एका आजींची सून भेटायला आली होती. तिने हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर गाणं लावलं आणि म्हाताऱ्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून खालची अक्षरंही लावली. अक्षरं आली तेव्हा मी चहाचे कप गोळा करत होते. कोणीतरी मोठ्याने वाचलं, बाहेरून कडी लागते. मग ती सून माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर विचारलं, की तो गायक तुमचाच भाऊ ना, मग ती बहीण म्हणजे तुम्हीच का.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या झोपेच्या वेळी कोपऱ्यातल्या आजींच्या खोलीचं दार मी रोजच्यासारखं लोटायला गेले. सहा वर्षं मी त्यांचं सगळं करते आहे. त्या मला हाक मारताना बाळ म्हणतात. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या की बाळ, दार नको लावूस. मी उघडं ठेवलं. परत आले तर त्यांनी पायातली एक चप्पल काढून दाराच्या फटीत अडकवून ठेवली होती.

ताई, सुनेने कमिटीकडे लेखी तक्रार केली आहे. चौदा मार्चला मला बोलावलंय. तोवर किल्ल्यांचा जुडगा काढून घेतलाय; औषधाच्या कपाटासाठी मी आता शिकाऊ मुलीच्या मागे हिंडते. हे काम गेलं तर या वयात, हा बोभाटा पाठीशी घेऊन, कोण मला माणसांजवळ उभं करील?

मी एकच मागते. एक शब्द काढ. 'कडी लागते' खुशाल राहू दे. 'बाहेरून' काढ. पडदा काळा आहे, ताई. कडीच्या आवाजावरून कडी कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. माणूस आतूनही कडी लावून घेतं.

आणि एक आठवण. शेंडेफळाने घंटी घातलीच नाही गाण्यात. मी आईच्या दाराला बांधलेली ती पितळी घंटी. दार हललं की वाजायची, आणि खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली वर येऊन बघून जायची. त्या भरवशावर तर मी कामाला जात होते. त्या दिवसानंतर ती घंटी सापडलीच नाही.

उत्तर लवकर दे. लोभ तुझ्याकडे फार जुना जमा आहे, त्यातलाच थोडा खर्च कर.

तुझी,
मधली


२० फेब्रुवारी

चि. मधलीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून त्या दिवशी जेवण गेलं नाही. चपलेचं तर डोक्यातून जातच नाही. तुझ्यासारख्या बाईच्या वाटेला हे यावं!

मी हातावर हात ठेवून बसले नाही. आमच्या तपासनीसांकडे, म्हणजे आमचं लिहिलेलं पुन्हा ऐकून पाहतात त्यांच्याकडे गेले. त्यांनी कान लावून पाच वेळा ऐकलं. म्हणाले, बाहेरून कशावरून? मी म्हटलं, दार ओळखीचं आहे. ते म्हणाले, मग हे ऐकलेलं नव्हे, माहीत असलेलं झालं. काढायचं तर एका मिनिटात काढू, सही करा. अर्ज माझ्यासमोर ठेवला. मी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

का, ते तुला प्रामाणिकपणे सांगते. तो शब्द चुकून पडला असता तर मी हसत काढला असता. पण तो खरा आहे. खरं लिहायचं की नाही हा प्रश्न लिहिण्याआधीचा. एकदा लिहिलं की ते खोडणं म्हणजे खोटं लिहिण्यासारखंच. आणि माझी सख्खी बहीण अडचणीत आहे म्हणून खोडणं तर त्याहून वाईट. परक्या बाईसाठी मी खोडलं असतं का, असं स्वतःला विचारलं. नसतं. मग तुझ्यासाठी कसं खोडू? यात मला त्रास होत नाही असं समजू नकोस. उलट, सोपं असतं तेच मी केलं नाही, एवढंच समाधान.

चौदाला मी येऊ का? तू आईचं किती केलंस ते मी कमिटीला पोटतिडकीने सांगेन. फक्त त्यांनी कडीबद्दल विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ऐन वेळी तोंडघशी पडायला नको.

तुझ्या पत्रानंतर त्या दिवसाची डायरी काढून पाहिली. मनाची खात्री असावी म्हणून. 'आईला भेटून बाराच्या गाडीने निघाले. आई शांत होती.' असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. निघताना दार नुसतं लोटलेलं होतं, असं मला अंधूक आठवतं. त्या दिवशी मी निघाल्यावर घाईत काय झालं ते तुलाच माहीत, आणि मी कधी खोदून विचारलं नाही, पुढेही विचारणार नाही. घंटीचं मला काही आठवत नाही.

गुडघ्याला गरम पाण्याचा शेक दे. राग आला तर पत्रातच काढ, लोभ बाजूला ठेवून काढ, म्हणजे तो जपला जाईल.

तुझी,
ताई

उद्याचं काम: कपाटातल्या जुन्या डायऱ्या वर्षाप्रमाणे लावणे.


२६ फेब्रुवारी

ती. स्व. मोठ्या ताईस,
सा. न. वि. वि.

मधलीला पत्र आणि मला ठेंगा, चालू द्या! म्हटलं आपणच लिहावं.

ताई, तू तर कमाल केलीस. तुझ्या एका शब्दाने गाणं दुप्पट चाललंय. आधी लोक नुसते हळहळायचे, आता भांडतात. एक तट म्हणतो मुलीने मारलं, दुसरा म्हणतो मुलीची सुटका झाली. एका मास्तरांनी तर त्या निळ्या स्वेटरवर चार पानं लिहिली आहेत. तो स्वेटर मी सेलमध्ये उचलला होता, हे त्यांना कोण सांगणार? मला मुलाखतीत विचारतात तेव्हा मी फक्त हसतो. गोष्ट उलगडून सांगितली की ती मरते. म्हणून म्हणतो, मधली ताई म्हणते तसं काही करू नकोस. तिचा फोन आला होता, रडली. मी म्हटलं चार दिवसांत लोक विसरतील. ती म्हणाली, म्हातारी माणसं विसरत नाहीत. मला ही ओळ फारच आवडली, लिहून ठेवली आहे.

एक मात्र मला सुचत नाही. लोक ग्लासाचं विचारतात, तो भरलेला का? मधलीनेच मला त्या वेळी सांगितलं होतं, की आली तेव्हा दाराबाहेर भरलेला ग्लास होता, म्हणून मी तसा दाखवला. पण कडी लावून निघालेली बाई दाराबाहेर पाणी कशाला ठेवील? तुला काही अर्थ लागतो का? तू शब्दांची माणूस.

पुढचं गाणं मनात घोळतंय, पण गोष्ट सापडत नाही. असेल घरात कुठे पडलेली तर कळव.

लोभ आहे तो राहू दे, नसेल तर नवीन पाठव.

तुझं,
शेंडेफळ


४ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू म्हणतेस, राग पत्रात काढ. राग नाही आला. दमले आहे. त्यामुळे सरळ लिहिते, मध्ये तोडू नकोस.

आई शेवटचं वर्षभर ग्लासने पाणी पीत नव्हती. तिचा हात कापायचा. मी तिला चोचीच्या भांड्यातून द्यायचे. घरात राहणाऱ्याला हे माहीत होतं. दाराबाहेर होता तो वरच्या फळीवरचा, फुलाफुलांचा ग्लास. आलीस की तू तोच काढून घेतेस. तो ग्लास पाहुण्याने भरला होता, ताई.

मी त्या दिवशी सकाळी सातला निघाले. तू आदल्या दिवसापासून आली होतीस आणि आईजवळ होतीस. मी निघताना तुला सांगितलं की कडी कधी लावायची नाही, दार लोटून जा, घंटी आहे, शिवणकामवाली आहे. तू मान डोलावलीस. तू बाराला गेली नाहीस. शिवणकामवालीने तुला दुपारी तीनच्या पुढे जिना उतरताना पाहिलं. तिने मला दहाव्या दिवशी सांगितलं आणि मी तिला गप्प बसवलं.

मी साडेपाचला आले. कडी लागलेली होती आणि दांडा खाली वळवलेला. मी कधी कडी लावली नाही, आणि लावू म्हटलं तरी माझ्या अधू मनगटाने तो दांडा सहज वळत नाही; तो वर करायलाही मला दोन्ही हात लावावे लागले. आई दारामागेच पडली होती. मला दार उघडेना, तिला ढकलत ढकलत उघडावं लागलं. तिच्या उजव्या हाताची बोटं सोललेली होती. हे मी डॉक्टरांना दाखवलं, शेंडेफळाला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय होतं, कडी नसती तरी झालं असतं. मी ते धरून बसले, कारण तुझ्यासाठी धरायला दुसरं काही नव्हतं.

तू दुसऱ्या दिवशी आलीस. दारातून आत येता येता, माणसं बसलेली असताना, शेंडेफळासमोर तू मला म्हणालीस की कडी लावून जाऊ नकोस असं तुला कितीदा बजावलं होतं. ताई, कडी होती हे तोवर मी डॉक्टरांखेरीज कोणालाही सांगितलं नव्हतं. फोनवर मी तुला फक्त आई गेली एवढंच म्हणाले होते.

मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तू खरंच तसं समजत होतीस. मला वाटलं, हिला हे झेपणार नाही, ही मोडेल. मला झेपेल. म्हणून मान खाली घातली. शेंडेफळाने ती खाली घातलेली मान पाहिली आणि तिचं गाणं केलं. मी तेही सोसलं. पण तू मला अर्ज समोर असताना पेन बंद केल्याचं सांगतेस, आणि तो तुझा प्रामाणिकपणा म्हणतेस.

घंटी तुझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. गेल्या वर्षी तुझ्याकडे आले तेव्हा मी कात्री शोधत होते. खण पुन्हा लावला.

मी कमिटीला हे सांगणार नाही. बहिणीवर ढकलते असंच म्हणतील, आणि मलाही ते शोभणार नाही. ते सांगायचं तर तू. चौदाला सकाळी अकरा वाजता. तोंडी जमत नसेल तर लेखी दे. तेही नको असेल तर निदान तो शब्द काढ. दहा दिवस आहेत. तू फार विचार करतेस म्हणून आकडा लिहिला.

बाकी काही मागत नाही, लोभसुद्धा नाही.

मधली


१५ मार्च

ताई,

अकराला बोलावलं, सव्वाला सोडलं. जिन्यात पावलं वाजली की मी दाराकडे बघत होते. कमिटीच्या बाई फार सौजन्याने बोलल्या, की माझ्या कामाबद्दल कोणाची शंका नाही, पण घरच्या लोकांना आता स्वस्थ झोप लागत नाही. त्यांनी टेबलावर फोन ठेवून ते गाणं पुन्हा लावलं. शब्द होता तिथेच होता. मी राजीनामा लिहून दिला, म्हणजे काढून टाकलं असा शिक्का लागू नये.

निघताना कोपऱ्यातल्या आजींना भेटायला गेले. त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. जाग्या होत्या.

काल शेंडेफळाचा फोन आला. त्याने पुन्हा ग्लासाचं विचारलं. या वेळी मी उत्तर दिलं. मग त्याने घंटीचं विचारलं, ती वाजायची कशी. तेही सांगितलं, आणि ती आता कुठे आहे तेही.

मधली


२ एप्रिल

चि. मधलीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. माफी मागते, पण या वेळी कोणकोणत्या गोष्टींची मागायची याची यादीच इतकी लांबली की चौदा तारीख मागे पडली. हे निमित्त नाही. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी रोज लिहायला बसत होते. कमिटीला द्यायच्या पत्राचे अकरा मसुदे माझ्याकडे आहेत. प्रत्येकात काहीतरी मला झुकतं माप देणारं सापडायचं आणि मी तो बाजूला ठेवायचे. तेराला रात्री वाटलं की अजून स्वतःला सवलत न देणारं एक वाक्यही जमलेलं नाही, अशा स्थितीत जाणं बरोबर नाही. आता कळतं की वाईट वाक्यही चाललं असतं.

तुझं सगळं खरं आहे. डायरीत त्या दिवसाच्या पानात गाडीचं तिकीट निघालं. तीन चाळीसचं. 'बारा' मी त्याच रात्री लिहिलं होतं. मी आयुष्यात डायरीत एकच खोटी गोष्ट लिहिली, आणि डायरी खोटं बोलत नाही हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं, की पुढे मीच तिच्यावर विश्वास ठेवला.

आता क्रमाने. तीन वाजून गेले होते. आईने पाणी मागितलं. मी घेऊन आले तोवर तिला कळलं होतं की मी निघाले. तिने माझ्या पिशवीचा पट्टा धरला आणि मला ने, मला ने, म्हणत बाहेर येऊ लागली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. हात मोकळा करायला ग्लास दाराबाहेर ठेवला, तिला आत केलं, येते गं म्हटलं, आणि कडी लावली. ती दार हलवू लागली. घंटी वाजू लागली. मधले, मला गाडी चुकण्याची भीती नव्हती. जिना उतरताना तो आवाज पाठीमागे ऐकावा लागेल याची होती. म्हणून मी ती सोडून घेतली आणि खिशात टाकली. शिवणकामवाली वर येईल हे माझ्या लक्षात होतं की नव्हतं, यावर मी तीन आठवडे विचार करते आहे. होतं असं वाटतं.

कमिटीला आता कळवावं का, हाही प्रश्न होता. तू राजीनामा देऊन बसलीस. माझ्या कबुलीने काम परत मिळणार नाही, मिळेल ते फक्त माझ्या मनाला हलकेपण. तुझ्या नुकसानीतून मी माझं हलकेपण मिळवणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून कळवलं नाही. तो शब्द मात्र काढला. सतरा तारखेला सही केली. आता तिथे फक्त [कडी लागते] आहे. तपासनीस म्हणाले, आधीच केलं असतं तर! मी म्हटलं, खरंय.

शेंडेफळाचं नवं गाणं परवा माझ्याकडे आलं. सबटायटल बहिणीनेच करावीत असं त्याने पुन्हा लिहून दिलंय. पडदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळा आहे. दार हलतं, घंटी वाजते, गाठ सुटते. मग पावलं जिना उतरतात, आणि प्रत्येक पावलाला घंटी वाजते, कापडात गुंडाळल्यासारखी, बारीक. एक मिनिट बेचाळीस सेकंदांपासून शेवटपर्यंत. मला माहीत नव्हतं की ती खिशातही वाजत होती. म्हणजे माहीत होतं. मी त्याला फोन केला, कागदावरच बोलायचा नियम मोडून, आणि म्हटलं की हे काढ. तो हसला. म्हणाला, तूच म्हणतेस ना, जे ऐकू येतं ते लिहायचं. मुलाखतीत तो सांगणार आहे की पहिलं गाणं एका बहिणीचं होतं, हे दुसरीचं.

मी आधी लिहिलं होतं, [स्त्रीच्या खिशात घंटी वाजते]. मग नियमाकडे पाहिलं. पडदा काळा आहे. खिसा ऐकू येत नाही. स्त्री तर नाहीच नाही. हे तूच मला शिकवलंस, आवाजावरून बाजू कळत नाही. तुझ्या वेळी मी नियम मोडला ही माझी चूक होती. ती चूक दुसऱ्यांदा करणं, केवळ या वेळी ती माझ्यावर येते म्हणून, हा एक प्रकारचा दिखाऊपणाच होईल. यावर तुझं मत काय पडेल ते मी ओळखते. तरी विचारते.

घंटी वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. आवाज होऊ नये म्हणून आत कापूस भरलाय.

लोभाचं काही लिहीत नाही. जे ऐकू येत नाही ते लिहायचं नाही.

तुझी,
ताई

उद्याचं काम: एक बेचाळीसला [घंटी वाजते] एवढंच लिहिणे.